ग्वांतानामोचे अधिकारी : पदवी, पेशा आणि अमानत

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा आमच्याजवळ आला. हा मुलगा रोज संध्याकाळी आपल्या दादाअब्बांना उर्दू अखबार वाचून दाखवतो, हे आम्हाला ठाऊक होते. अमेरिकेने ग्वांतानामोच्या तुरुंगातून ११ येमेनी कैदी ओमानला पाठवले आणि आता तिथे १५ कैदी उरले, ही बातमी त्याने वाचली होती. बातमी त्याला समजली होती. त्याचा सवाल वेगळाच होता.

“सर, तिथला जेलर कोण असतो? तो काय शिकलेला असतो?”

आम्ही म्हणालो, “फौजेतला मोठा अफसर असेल.” मुलगा मान हलवून गेला, पण आमचे उत्तर आम्हालाच अपुरे वाटले. दहावीच्या निकालानंतर दरवर्षी पालक आमच्याकडे येतात. कोणती लाइन घ्यावी, किती टक्क्यांना कुठे अ‍ॅडमिशन मिळेल, पुढे नोकरी कसली, हे विचारतात. शिकूनसवरून मोठ्या खुर्चीवर बसलेला माणूस त्या खुर्चीवर बसून काय करतो, हे मात्र कुणी विचारत नाही. त्या मुलाने नेमके तेच विचारले होते.

म्हणून आम्ही थोडे वाचन केले. अमेरिकी सिनेटच्या समितीचा अहवाल, लष्कराच्या चौकशांचे निष्कर्ष, काही अधिकाऱ्यांनी स्वतः लिहिलेले लेख आणि दिलेल्या साक्षी, यांतून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

तळ क्युबाच्या जमिनीवर, हुकूम अमेरिकेचा

ग्वांतानामो बे हा क्युबा बेटाच्या आग्नेय भागातला एक खोल उपसागर. १८९८ मध्ये स्पेनविरुद्धच्या लढाईत अमेरिकेचे मरीन सैनिक इथे उतरले. १९०३ मध्ये अमेरिकेने नव्याने स्वतंत्र झालेल्या क्युबाकडून ही जागा भाडेपट्ट्याने घेतली. क्षेत्रफळ सुमारे ११७ चौरस किलोमीटर. १९३४ च्या करारामुळे दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय, किंवा अमेरिकेने स्वतः जागा सोडल्याशिवाय, हा पट्टा संपत नाही. वर्षाचे भाडे ४,०८५ डॉलर. फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले त्या वर्षी, १९५९ मध्ये, एक चेक वटवला गेला. त्यानंतरचे चेक क्युबाने वटवलेच नाहीत, कारण हा ताबाच त्यांना मान्य नाही.

या तळावर घरे आहेत, दुकाने आहेत, मॅकडोनाल्ड आहे. सैनिकांच्या मुलांसाठी १९३१ पासून चालत आलेली शाळाही आहे. त्याच तळावर ११ जानेवारी २००२ रोजी पहिले २० कैदी विमानाने आणले गेले. पुढे एकूण सुमारे ७८० माणसे तिथे ठेवली गेली, सगळी मुसलमान. त्यांतल्या बहुतेकांवर कधीच खटला चालला नाही. कितीतरी जणांना अफगाणिस्तान-पाकिस्तानात बक्षिसाच्या पैशांसाठी पकडून दिले गेले होते. जागा क्युबाची असल्यामुळे अमेरिकेची न्यायालये इथे हात घालू शकणार नाहीत, असा सरकारचा युक्तिवाद होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये फेटाळला. पण तोवर बरेच काही घडून गेले होते.

या तळाला दोन वरिष्ठ असतात, हे आधी समजून घेऊ. नौदलाचा एक कॅप्टन तळाचा कारभार बघतो: बंदर, धावपट्टी, पाणी, वीज, वसाहत. तुरुंगाचा कारभार मात्र वेगळ्या टास्क फोर्सकडे असतो आणि तिचा प्रमुख बरीच वर्षे जनरल किंवा अ‍ॅडमिरल दर्जाचा असे. आमच्या विद्यार्थ्याने विचारलेला ‘जेलर’ म्हणजे हा दुसरा अधिकारी. तो तिथे फार काळ राहत नाही. साधारण वर्ष-दोन वर्षांत बदलून जातो.

पहिला अधिकारी : लष्करी अभियंता

पहिले प्रमुख मरीन दलाचे ब्रिगेडियर जनरल मायकेल लेनर्ट. पेशाने लष्करी अभियंता. रस्ते, पूल, छावण्या उभारणे आणि फौजेला रसद पुरवणे हे त्यांचे काम. १९९० च्या दशकात बोटींतून पळालेले हजारो क्युबन आणि हैतीयन निर्वासित याच तळावर ठेवले गेले होते. त्या वेळीही लेनर्ट तिथे कामाला होते. कुटुंबकबिल्यासह आलेल्या, भुकेल्या आणि चिडलेल्या माणसांना सांभाळण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

जानेवारी २००२ मध्ये त्यांना हुकूम मिळाला की पहिल्या १०० कोठड्या ९६ तासांत तयार करा. ‘कॅम्प एक्स-रे’ असे त्या छावणीचे नाव. कोठड्या कसल्या, तारेच्या जाळीचे पिंजरेच ते. केशरी कपड्यांत, डोळे-कान झाकलेले, गुडघ्यांवर बसवलेले कैदी आपण सर्वांनी फोटोत पाहिले आहेत. तो फोटो पहिल्याच दिवसाचा, म्हणजे लेनर्ट यांच्याच काळातला. ही गोष्ट झाकून पुढे जाता येणार नाही.

त्यानंतर त्यांनी काय केले, तेही बघू. कैद्यांना जिनिव्हा कराराचे हक्क लागू करायला वॉशिंग्टन तयार नव्हते. लेनर्ट यांनी आपल्या सैनिकांना वागणुकीसाठी त्याच कराराचा आधार घ्यायला सांगितले. जानेवारीतच रेड क्रॉसचे प्रतिनिधी तळावर आले. बांगलादेशात जन्मलेले नौदलाचे मुस्लिम धर्मगुरू अबुहेना सैफुलइस्लाम यांना बोलावून घेण्यात आले. लाउडस्पीकरवरून अजान होऊ लागली. किबल्याची दिशा दाखवणारी पाटी लागली.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका कैद्याने चादरीच्या तुकड्याचा अमामा बांधून नमाज सुरू केली. पहाऱ्यावरच्या सैनिकाने तो अमामा काढून घेतला. बघता बघता अनेक कैद्यांनी जेवण सोडले. लेनर्ट यांनी स्वतः लाउडस्पीकरवरून जाहीर केले की यापुढे डोक्याला कापड बांधायला मनाई नाही. ते कैद्यांशी जाऊन बोललेही. तीन महिने पुरे होण्याआधीच, मार्चमध्ये, ते आपल्या तुकडीसह परत गेले.

पुढे त्यांना बढती मिळाली आणि ते मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी आपल्या राज्यातल्या एका वृत्तपत्रात लेख लिहून हा तुरुंग बंद करण्याची मागणी केली. तो उघडायलाच नको होता, असेही त्यांनी म्हटले. डिसेंबर २०२१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी हीच गोष्ट पुन्हा सांगितली. ज्याने पिंजरे बांधले, त्यानेच ते बंद करा म्हणून वीस वर्षांनी साक्ष दिली.

एका तळावर दोन गाद्या

फेब्रुवारी-मार्च २००२ पासून तुरुंगाचा कारभार दोघांत वाटला गेला. कैद्यांना सांभाळणे एकाकडे, त्यांची चौकशी करून माहिती काढणे दुसऱ्याकडे.

सांभाळण्याचे काम ब्रिगेडियर जनरल रिक बॅकस यांच्याकडे आले. ते ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याच्या नॅशनल गार्डमधले, लष्करी पोलिसांच्या कामातले. नॅशनल गार्ड म्हणजे एरवी आपापला नोकरीधंदा करणारे आणि बोलावले की गणवेश घालणारे लोक. बॅकस यांनी रेड क्रॉसला कैद्यांच्या हक्कांची माहिती देणारी पत्रके लावू दिली. चौकशी करणाऱ्यांना हे रुचले नाही. बॅकस कैद्यांशी फार नरमाईने वागतात, अशी कुजबुज वर्तमानपत्रांपर्यंत गेली. ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांना तिथून हटवण्यात आले.

चौकशीचे काम मेजर जनरल मायकेल डनलेव्ही यांच्याकडे होते. ते राखीव दलातले, गुप्तवार्ता शाखेचे अधिकारी. गणवेश उतरवला की पेनसिल्व्हेनियातल्या एका जिल्ह्याचे न्यायाधीश. दोघांच्या कामाची माहिती आधी दिली असती, तर कायद्याची भाषा न्यायाधीश बोलेल आणि कठोरपणाची पोलीस, असेच आपण म्हटले असते. घडले उलटे. ११ ऑक्टोबर २००२ रोजी डनलेव्ही यांच्या सहीने वरिष्ठांकडे एक मागणी गेली. त्यात चौकशीचे जास्त कडक प्रकार वापरायची परवानगी मागितली होती: तासन्‌तास उभे ठेवणे, सलग २० तास चौकशी, डोक्यावर पिशवी, कपडे काढणे, दाढी जबरदस्तीने उतरवणे, कुत्र्यांची भीती दाखवणे.

२ डिसेंबर २००२ रोजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी यांतले बरेच प्रकार मंजूर केले. मंजुरीच्या कागदावर त्यांनी हाताने एक टीप लिहिली. तिचा मतलब असा की आपण तर दिवसाला आठ-दहा तास उभे असतो, मग कैद्याला चारच तास का? नौदलाचे मुख्य कायदा सल्लागार आल्बर्टो मोरा यांनी याला कडाडून विरोध केला, तेव्हा १५ जानेवारी २००३ रोजी ही मंजुरी मागे घ्यावी लागली. तेही वकीलच होते. कायद्याचे शिक्षण दोघांनी घेतले होते. एकाने त्याच्या आधारे वाट मागितली, दुसऱ्याने त्याच्याच आधारे वाट अडवली.

तोफखाना आणि शिक्षणशास्त्राची पदवी

नोव्हेंबर २००२ मध्ये दोन्ही गाद्या एक करून मेजर जनरल जेफ्री मिलर यांना बसवण्यात आले. मिलर तोफखान्याचे अधिकारी. कॉलेजात इतिहास घेऊन पदवी, आणि पुढे शिक्षण-प्रशासन या विषयात पदव्युत्तर पदवी. तुरुंग चालवण्याचा किंवा कैद्यांच्या चौकशीचा अनुभव त्यांना नव्हता.

ती शिक्षणाची पदवी वाचून आम्ही थबकलो. आम्हीही बी.एड. केले आहे. मुलाला बक्षीस कधी द्यावे, शिक्षा कधी टाळावी, वर्गाची शिस्त कशी बसते, हे आम्हीही परीक्षेत लिहिले आहे. मिलर यांच्या सहीने मार्च २००३ मध्ये तुरुंगाची एक नियमावली निघाली. ती काही वर्षांनी बाहेर आली. तिच्यात कैद्यांच्या वर्तनाच्या पायऱ्या पाडलेल्या आहेत. पायरी चढली की वस्तू मिळणार, उतरली की जाणार. नव्याने आलेल्या कैद्याला सुरुवातीचे काही आठवडे एकटे ठेवायचे, म्हणजे तो गोंधळून जाईल आणि चौकशी करणाऱ्यावर अवलंबून राहील, हेही त्यात लिहिले आहे. काही कैद्यांना रेड क्रॉसच्या प्रतिनिधींपासून दूर ठेवण्याची तरतूदही आहे. बक्षीस-शिक्षेचे हे तंत्र वर्गात वापरले तर मूल घडावे म्हणून वापरतात. इथे तेच माणूस मोडावा म्हणून वापरले गेले.

मिलर यांच्याच काळात सौदी कैदी मोहम्मद अल-कहतानी यांची जवळपास दोन महिने, बहुतेक दिवस २०-२० तास, चौकशी चालली. २००५ च्या लष्करी चौकशीने या प्रकरणात देखरेखीत कसूर केल्याबद्दल मिलर यांना समज द्यावी अशी शिफारस केली. वरिष्ठ जनरलने ती मानली नाही. जानेवारी २००९ मध्ये लष्करी खटल्यांच्या प्रमुख अधिकारी सुसन क्रॉफर्ड, ज्या स्वतः माजी न्यायाधीश होत्या, यांनी उघडपणे सांगितले की अल-कहतानी यांच्याशी जे झाले ते कायद्याच्या व्याख्येप्रमाणे छळच होते, म्हणून त्यांचा खटला पुढे पाठवला नाही. मार्च २०२२ मध्ये त्यांना सौदी अरबला परत पाठवण्यात आले.

२००३ च्या ऑगस्टअखेर मिलर यांना इराकमध्ये सल्ला देण्यासाठी पाठवले गेले. अबू गरीब तुरुंगात पहारेकऱ्यांनी चौकशीसाठी कैद्यांना ‘तयार’ करावे, हा विचार त्यांच्या शिफारशींत होता. तिथले फोटो पुढच्या वर्षी साऱ्या जगाने पाहिले. २००६ मध्ये मिलर सन्मानाचे पदक घेऊन निवृत्त झाले.

दमास्कसला शिकलेला कॅप्टन

त्या काळी तुरुंगात दीनी बाबींचाही एक प्रमुख असे, तो म्हणजे लष्करी धर्मगुरू. मिलर आले त्याच महिन्यात कॅप्टन जेम्स यी तिथे या पदावर आले. त्यांची कहाणी आमच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल.

यी हे न्यू जर्सीतल्या चिनी वंशाच्या अमेरिकन कुटुंबातले. १९९० मध्ये अमेरिकेच्या नामांकित वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि तोफखान्यातच, हवाई संरक्षणाच्या शाखेत, दाखल झाले. १९९१ मध्ये त्यांनी इस्लाम कबूल केला आणि युसूफ नाव घेतले. पुढे लष्कर सोडून चार वर्षे दमास्कसमध्ये अरबी आणि दीनी शिक्षण घेतले. मग मुस्लिम धर्मगुरू म्हणून ते पुन्हा लष्करात आले.

ग्वांतानामोत कैद्यांच्या तक्रारी ऐकणे, सैनिकांना इस्लामची ओळख करून देणे, रमजानच्या वेळा सांभाळणे, अशी कामे त्यांच्याकडे होती. जानेवारी २००३ मध्ये कुरआन कसे हाताळावे याचे लेखी नियम तयार झाले, त्यात यी यांचा हात होता. पहारेकऱ्यांनी होता होईल तो कुरआनला हात लावू नये, लावावाच लागला तर अदबीने, हातमोजे घालून. कोठडीत कुरआन जमिनीवर राहू नये म्हणून डॉक्टर तोंडाला बांधतात तसला मास्क जाळीला अडकवून त्यात तो ठेवायची सोय केली गेली.

१० सप्टेंबर २००३ रोजी रजेवर घरी निघालेल्या यी यांना फ्लोरिडात अटक झाली. हेरगिरी, शत्रूला मदत असे भयंकर संशय त्यांच्यावर घेतले गेले. ७६ दिवस त्यांना एकांत कोठडीत ठेवले. टीव्हीवर, अखबारांत त्यांचे नाव देशद्रोही म्हणून गाजले. मार्च २००४ मध्ये आरोप मागे घेतले गेले. हेरगिरीचे काहीही सिद्ध झाले नाही. जानेवारी २००५ मध्ये ते सन्मानाने सेवामुक्त झाले. यी आणि मिलर, दोघेही तोफखान्यातूनच आले होते. एक कैद्यांच्या बाजूला कान देणारा होता आणि तोच काही दिवस कैदी झाला.

नंतर आलेले

मिलर यांच्यानंतर मार्च २००४ मध्ये ब्रिगेडियर जनरल जे हूड आले. तेही तोफखान्याचेच. २००५ मध्ये कुरआनच्या बेअदबीच्या बातम्यांनी मुस्लिम जगात संताप उसळला, तेव्हा त्यांनीच चौकशी केली आणि तळावरच्या कर्मचाऱ्यांकडून कुरआन चुकीच्या तऱ्हेने हाताळला गेल्याच्या पाच घटना मान्य केल्या. त्यांच्याच काळात मोठी उपोषणे झाली. उपोषण करणाऱ्यांना खुर्चीला बांधून नाकातल्या नळीने अन्न घालणे सुरू झाले. २००८ मध्ये पाकिस्तानातल्या अमेरिकी लष्करी प्रतिनिधीच्या जागी हूड यांची नेमणूक ठरली होती. पाकिस्तानी वृत्तपत्रांनी ग्वांतानामोची आठवण करून दिली आणि ती नेमणूक रद्द झाली. माणूस तळावरून बदलून जातो, पण तिथला काळ त्याच्या बायोडाटातून जात नाही.

मार्च २००६ मध्ये नौदलाचे रिअर अ‍ॅडमिरल हॅरी हॅरिस आले. आई जपानी, वडील अमेरिकी नौदलातले. जन्म जपानमधल्या योकोसुकाचा. समुद्रावर टेहळणी करणाऱ्या विमानांवर त्यांची उमेद गेली. हार्वर्ड, जॉर्जटाउन, ऑक्सफर्ड, अशी शिक्षणाची मोठी नावे त्यांच्यामागे. १० जून २००६ रोजी तीन कैदी कोठडीत मृत सापडले, दोघे सौदी आणि एक येमेनी. अधिकृत चौकशीने त्यांना आत्महत्या ठरवले. नातेवाइकांनी आणि तळावरच्या काही माजी सैनिकांनीही त्यावर शंका घेतली. हॅरिस यांनी त्या दिवशी जे म्हटले ते जगभर गाजले. हे मृत्यू म्हणजे निराशेतून केलेले कृत्य नसून आमच्याविरुद्ध केलेली लढाईच आहे, असा त्यांचा सूर होता. तीन जनाजे आणि तीन घरांतल्या आया त्या वाक्यात कुठेच नव्हत्या. हॅरिस पुढे पॅसिफिक विभागाच्या साऱ्या अमेरिकी फौजेचे प्रमुख झाले, नंतर दक्षिण कोरियात राजदूत.

अगदी अलीकडचे एक उदाहरण रिअर अ‍ॅडमिरल जॉन रिंग यांचे. ते वैमानिक आणि ‘निमिट्झ’ या विमानवाहू युद्धनौकेचे कप्तान होते. कैदी म्हातारे होत चालले आहेत, उद्या त्यांना व्हीलचेअर लागेल, स्मरणशक्ती जाईल, त्याची तयारी करायला हवी, असे ते पत्रकारांना सांगत. मुदत संपायला काही आठवडे असताना, एप्रिल २०१९ मध्ये, त्यांना पदावरून काढण्यात आले. त्यांच्या नेतृत्वावर विश्वास उरला नाही, एवढेच कारण दिले गेले.

मग बायोडाटातून काय कळते?

आता त्या मुलाच्या सवालाकडे येऊ. तिथला जेलर काय शिकलेला असतो? उत्तर असे की बांधकाम, तोफखाना, विमान, कायदा, इतिहास, शिक्षणशास्त्र, सगळे काही. तुरुंग चालवण्याचे शिक्षण आणि अनुभव मात्र बहुतेकांकडे नव्हता. इतक्या नाजूक कामावर माणूस नेमताना हा अनुभव पहिल्यांदा बघायला हवा होता.

दुसरी गोष्ट. पेशावरून माणसाचा अंदाज बांधता येत नाही. एकाच तोफखान्यातून मिलर, हूड आणि यी निघाले. कायद्याच्या एकाच शिक्षणातून डनलेव्ही आणि मोरा निघाले. अभियंत्याने कैद्यांशी संवाद केला आणि शिक्षणशास्त्र शिकलेल्याने कैद्यांच्या पायऱ्या पाडल्या. ‘अमेरिकन फौजी सगळे सारखेच’ असे आपल्या बैठकींत सहज म्हटले जाते. तसे म्हटले की लेनर्ट आणि मोरा यांच्यावर अन्याय होतो, आणि ज्यांनी छळाचे कागद तयार केले त्यांची जबाबदारीही साऱ्यांत वाटली जाऊन हलकी होते. दोन्ही बरोबर नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुणाला कशासाठी निवडले गेले, ते बघावे. २००२ च्या अखेरीस वरून एकच मागणी होती: माहिती काढा, लवकर काढा. कैद्यांना हक्कांची पत्रके वाचू देणारे बॅकस त्या मागणीत अडचण ठरले आणि गेले. अनुभव नसलेले पण निकाल द्यायला तयार असलेले मिलर आले. खुर्चीवर कोण बसला याच्या आधी, खुर्ची कशासाठी मांडली हे ठरलेले असते. वर्षा-दोन वर्षांनी अधिकारी बदलतो, नवा आला की जुन्याचे काम त्याला आपले वाटत नाही, आणि कैदी मात्र तोच राहतो, वीस-वीस वर्षे.

इस्लाममध्ये पदाला अमानत म्हटले आहे, हे आपण मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो. कैद्याच्या बाबतीत आपल्यासमोर बद्रचे उदाहरण आहे. त्या लढाईतले कैदी मदिन्यात आणले गेले, तेव्हा प्यारे नबी (सल्ल.) यांनी त्यांच्याशी भलाईने वागण्याची ताकीद दिली. सहाबा स्वतः खजुरांवर राहत आणि कैद्यांना रोटी देत. ज्या कैद्यांकडे फिदिया भरायला पैसा नव्हता पण लिहिता-वाचता येत होते, त्यांना मदिन्याच्या मुलांना अक्षरे शिकवण्याच्या बदल्यात मुक्त केले गेले. आमच्यासारख्या शिक्षकाला ही गोष्ट फार मोठी वाटते. तिथे कैद्यालाच उस्ताद केले गेले.

हे उदाहरण दुसऱ्यांना ऐकवून थांबणे सोपे आहे. पण अमानत आपल्याकडेही आहे. मशिदीच्या कमिटीवर, शाळेच्या संस्थेवर, मुलांच्या वसतिगृहावर, यतीमखान्यावर माणूस नेमताना आपण काय बघतो? पदवी, ओळख, बोलण्याची छाप, देणगीचा आकडा. ज्या कामासाठी नेमतोय त्याचा त्याला अनुभव आहे का? त्याच्या हाताखाली जे दुबळे येणार आहेत त्यांच्याशी तो आजवर कसा वागला? वरून चुकीचा हुकूम आला तर ‘नाही’ म्हणेल का? हे तीन सवाल आपण विचारतो का? ज्या मुलाला वसतिगृहात कुणाचा आधार नाही, त्याच्यासाठी तिथला रेक्टर हाच साऱ्या दुनियेचा हुकूम असतो.

आपल्या मुलांनी शिकावे, अफसर व्हावे, वकील व्हावे, न्यायाधीश व्हावे, ही आमचीही दुआ आहे. पण ‘कोणती लाइन’ या सवालानंतर घरात आणखी एक सवाल निघायला हवा: त्या खुर्चीवर बसल्यावर तुझ्या हाती आलेल्या माणसाशी तू कसा वागशील? या सवालाला टक्के नसतात आणि अ‍ॅडमिशन नसते. घरात नोकराशी, फाटकाबाहेरच्या भाजीवाल्याशी, धाकट्या भावंडाशी आपण कसे वागतो ते बघूनच मूल त्याचे उत्तर शिकते.

तो मुलगा काही दिवसांनी पुन्हा भेटला. आम्ही त्याला लेनर्ट यांच्याबद्दल आणि मिलर यांच्याबद्दल सांगितले. यी यांची ७६ दिवसांची गोष्टही सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, म्हणजे शिक्षण सगळ्यांकडे होतं.”

“हो,” आम्ही म्हणालो. “सगळ्यांकडे होतं.”

घंटा झाली आणि तो वर्गात गेला. संध्याकाळी हे सगळे तो आपल्या दादाअब्बांना सांगणार, हे आम्हाला ठाऊक होते.